शनिवारची रोटी

आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी त्या काळ्या कुत्र्याला जो मान होता तो नगरसेवकालाही नव्हता, आणि रविवार ते शुक्रवार त्याच्याइतक्या लाथा दुसरं कुणी खात नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, बराकींच्या रांगेच्या टोकाला माझी पिठाची गिरणी होती. कुत्रा माझ्याच कट्ट्याखाली झोपायचा. सांडलेलं पीठ चाटायचा, म्हणून त्याचं तोंड कायम पांढरं दिसायचं. बाकी अंगावर औषधालाही पांढरा केस नव्हता, आणि त्याच्या नशिबी जे आलं ते त्या रंगामुळे आलं.

ज्याला साडेसाती लागली, ज्याची कोर्टात केस अडकली, ज्याच्या पोरीचं लग्न जमत नाही, त्याने शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली रोटी घालायची, असा उपाय होता. सिंधी, मराठी, यूपीवाले, कुणी म्हणून याला अपवाद नव्हतं. आणि अख्ख्या भागात पूर्ण काळा कुत्रा हा एकच. कुत्र्याने रोटी झटकन खाल्ली की संकट टळलं, वास घेऊन सोडली की भोग संपलेले नाहीत, असा हिशेब. त्यामुळे शनिवारी माझ्या गिरणीसमोर चपलांची गर्दी व्हायची. तेलकट रोट्या, वर गूळ, एखाद्याची जिलबी. आठवडाभराचं उपाशी पोट ते सगळं अधाशासारखं गिळायचं आणि दुपारी गिरणीमागे ओकून टाकायचं. पुण्य त्यांचं आणि झाडू माझा. रविवारपासून पुन्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. बरगड्या अशा वर आल्या होत्या की मला बघवत नसे, म्हणून मी बघत नसे.

आणखी एक ताप होता तो शुक्रवारचा. शनिवारच्या रोटीसाठी लोक वेगळ्या पिशवीतून मूठ-दोन मूठ गहू आणत आणि सांगत, दुसऱ्याच्या पिठात मिसळू नका, आधी चक्की पुसून घ्या. त्या वर्षांत लोडशेडिंग एवढं की गिरणी दिवसाचे काही तासच चालायची. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि मी शनीसाठी चक्की पुसत बसायचो!

हे बघून मोठ्याने हसणारी एकच बाई होती, चांगुणाबाई. समोरच्या बराकीत राहायची. जुन्नरकडची, पन्नाशीच्या पुढची, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. जीन्सच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे आणून ती दारात बसून धागे कापायची. तिच्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि हे ती अशा थाटात सांगायची की जणू टोपली हिनेच उचलली होती. "रघुभाऊ," ती रांगेतून ओरडायची, "शनी काय चाळणी घेऊन बसलाय का वर, कुणाचं पीठ मिसळलं बघायला?" रांगेतले लोक तोंड वाकडं करत. मला बरं वाटायचं.

तिचा नवरा धोंडिबा. अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सगळा जन्म गेला. धिप्पाड माणूस. रात्रपाळीहून आला की गिरणीसमोर रिक्षातून उतरायचा, मला "जय भीम, रघुभाऊ" म्हणायचा, आणि घरी जाऊन इतक्या भाकरी खायचा की चांगुणाबाई माझ्याकडे तक्रार करायची, तुझा अर्धा धंदा याच्या पोटात जातो म्हणून. त्या माणसाच्या पोटातच रोग निघाला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं आणि बरंचसं तसंच ठेवून शिवलं. घरी आणला तेव्हा सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, एकदम ताट भरून द्यायचं नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ, बिनतिखट. वजन वाढलं तर पुढची औषधं देता येतील, नाही वाढलं तर शरीराला ती झेपायची नाहीत.

म्हणजे सगळं वजनावर येऊन ठेपलं होतं. चांगुणाबाईने कंबर कसली. खिमट, डाळीचं पाणी, पायाचं सूप, अंड्याचा पांढरा भाग, सगळं वाटी-वाटीने. धोंडिबाची खाट दाराशी टाकली होती, रस्ता दिसावा म्हणून. ती वाटी घेऊन बसायची, तो दोन चमचे घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड फिरवायचा. "खावा हो. एक घास. माझ्यासाठी." तिचा तो आवाज गिरणी बंद असली की मला कट्ट्यावर ऐकू यायचा. त्या बाईला एवढ्या मऊ आवाजात बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला तो आवाज सहन होत नसे. वीज लवकर यावी असं वाटायचं.

एका शनिवारी दुपारी ती डबा घ्यायला आली आणि गिरणीमागे कुत्रा ओकत होता. पाय लटपटत होते. तिने डबा खाली ठेवला.

"ह्याला रोज कोण घालतं?"

"रोज कोण घालणार?"

"मेले एका दिवशी सणाचं जेवण घालतात न् सहा दिवस मारतात," ती म्हणाली. "उपाशी पोटाला एकदम घातलं की असंच व्हणार. दवाखान्यात सांगितलंय मला."

धोंडिबाने नाकारलेली वाटी तिने त्या संध्याकाळी कुत्र्यासमोर ठेवली. पाव वाटी खिमट, जास्त नाही. तासा-दोन तासांनी पुन्हा थोडं. दुसऱ्या दिवशीही तसंच. डॉक्टरने नवऱ्यासाठी सांगितलेलं सगळं तिने कुत्र्याला लावलं: थोडं थोडं, पाच-सहा वेळा, मऊ, बिनतिखट. जंताचं औषध मी आणून दिलं, तेवढाच माझा वाटा. आठवडाभरात ओकणं थांबलं. महिन्याभरात बरगड्यांवर कातडी जरा सैल झाली, मग अंग मांस धरू लागलं. केस चमकायला लागले. शेपूट, जी पोटाखाली घातलेली असायची, ती वर आली. काळ्या हे नाव तिनेच ठेवलं. तो माझा कट्टा सोडून धोंडिबाच्या खाटेखाली झोपायला लागला.

धोंडिबाला कुत्र्याचं खाणं बघायला आवडायचं. कुशीवर वळून बघत राहायचा. "काय खातोय बघ लेकाचा," म्हणायचा. मी कधी जाऊन बसलो तर मला सांगायचा, "रघुभाऊ, आमच्यात शर्यत लावलीय हिनं. ह्यो जिंकतोय." चांगुणाबाई पाठ फिरवून भांडं घासायला लागायची.

कारण खरंच तसं होतं. एकच चूल, एकच भांडं, एकच बाई भरवणारी. कुत्र्याच्या अंगी सगळं लागत होतं, माणसाच्या काही नाही. गल्लीत बोललं जायचंच. शेजारच्या बराकीतल्या उमाने नळावर म्हटलं, नवऱ्याचं मांस कुत्र्याच्या अंगावर चढतंय. चांगुणाबाईच्या कानावर ते गेलं. एरवी तिने नळ डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी ती हंडा भरून निघून आली, आणि मला वाटलं, ही बाई आतून खचायला लागली आहे.

त्यात शनिवारचा तमाशा सुरू झाला. पोट भरलेला काळ्या शनिवारी बाहेर यायचा, लोकांच्या रोट्यांचा वास घ्यायचा, मोहरीच्या तेलाने शिंकायचा आणि चालता व्हायचा. एकामागून एक रोट्या रस्त्यावर पडून राहू लागल्या. लोक घाबरले. कपड्याच्या दुकानवाला परसराम सेठ, भला माणूस, गिऱ्हाइकावर कधी आवाज न चढवणारा, हात जोडून तिच्या दारात आला.

"बाई, सेवा करते हो, अच्छी बात आहे. मगर हफ्त्यात एक दिन तरी त्याला भूखा ठेवा ना. शुक्रवारची शाम बंद करा बस. माझ्या मुलाचं काम अडकलंय."

मागून जयदेव, बांधकामाचा ठेकेदार, म्हणाला, "मावशी, तुमचा विश्वास नाय ना, मग तुम्हाला काय फरक पडतो? आम्हाला भुकेला कुत्रा लागतो."

"भुकेला लागतो?" चांगुणाबाई उठली. कात्री हातातच होती. "तुमचं भलं व्हावं म्हणून मुकं जनावर उपाशी मारू? जा, तुमच्या शनीला सांगा, ह्यो कुत्रा आता जेवतो. दुसरा बघ म्हणावं!"

धोंडिबा खाटेवरून हसला. हसताना पोट धरावं लागलं त्याला, पण हसला. त्याला शेवटचं हसताना मी बघितलं ते तेव्हा.

थंडी सरता सरता एक दिवस ती गिरणीवर आली ती चेहरा उजळलेला घेऊन. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "रघुभाऊ, हे आता वाटी साफ करतात. चाटूनपुसून. मी गठ्ठे पोचवायला जाती न् येऊन बघती तर वाटी रिकामी. म्हणतात, तू समोर बसलीस की घशाखाली उतरत नाय, ठेवून जात जा."

मला इतका आनंद झाला की मी तिचं दळण फुकट दिलं. ती पैसे ठेवून गेलीच, तो भाग वेगळा. पुढचे काही आठवडे ती वाटी भरून खाटेवर ठेवायची आणि गठ्ठा उचलून निघायची. परतताना पावलं भराभर पडायची. दारातूनच वाटीत बघायची आणि रिकामी दिसली की तोंडभर हसायची. मग गिरणीकडे वळून मला हाताने खूण करायची, संपली म्हणून. मीही हात वर करायचो.

मुंबईच्या दवाखान्यात नेलं तेव्हा धोंडिबाला काट्यावर उभा केला. वजन आधीपेक्षा कमी भरलं होतं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, आता औषध सुरू करण्यात अर्थ नाही. घरी ठेवा. खाईल ते द्या.

"पण खातात की हो ते," ती डॉक्टरांना म्हणाली. "वाटी साफ करतात." हे तिने मला कट्ट्याशी उभं राहून सांगितलं. रडली नाही. फक्त परत परत विचारत राहिली, "खाल्लेलं जातं कुठं, रघुभाऊ? माणूस खातो न् वाळतो, हे कसं?" मी म्हटलं, रोगच तसा असतो. ती मान हलवत गेली.

त्या दिवसानंतर तिचं तोंड बंद झालं. रांगेत उभी राहायची, डबा ठेवायची, जायची. उमा, तीच नळावरची, आता खरंच कळवळून तिच्याकडे गेली. "काकी, एक शनिवार करून बघा. जातंय काय आपलं?" चांगुणाबाईने तिला घराबाहेर काढलं. पण शिवी दिली नाही, हे उमाने मला सांगितलं, आणि ते ऐकून मला भीती वाटली.

पुढच्या शुक्रवारी वीज आल्यावर गिरणीवर नेहमीची झुंबड होती. सगळे गेल्यावर ती आली. हातात डबा नव्हता. पदराआडून तिने एक छोटी पिशवी काढली. मूठ-दोन मूठ गहू.

"हे वेगळं दळ," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "दुसऱ्याच्यात मिसळू देऊ नको. आधी पुसून घे."

मी चक्की पुसली. कधी शनीसाठी पुसली नव्हती इतकी नीट पुसली. शनी न् चाळणीची आठवण आम्हा दोघांनाही होती, आणि दोघांनीही ती काढली नाही. पिशवी घेताना म्हणाली, "काळ्याला सकाळपासून काय घातलं नाय मी. उद्यापर्यंत घालणार नाय." मग थांबून म्हणाली, "पाप लागेल का रे?"

पाप-पुण्य न मानणाऱ्या बाईने मला हे विचारावं! मी नाही म्हटलं.

शनिवारी सकाळी गिरणीसमोर परसराम सेठ आणि जयदेव होते, आणखी दोघे-तिघे. चांगुणाबाई डोक्यावरून पदर घेऊन आली. हातात वर्तमानपत्राच्या कागदात तेल लावलेली रोटी. घरात तिला हे करता येत नव्हतं. घरात भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते आणि खाली खाटेवर नवरा होता. लोक बाजूला झाले. कुणीही कुचकं बोललं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. जयदेवने तर आपली रोटी पाठीमागे लपवली, आधी हिची खाऊ दे म्हणून.

तिने हाक मारली. काळ्या धावत आला, शेपूट हलवत, कारण हाक तिची होती. तिने रोटी खाली ठेवली. त्याने वास घेतला. शिंकला. मग रोटी ओलांडून तिच्या हाताशी गेला आणि बोटं चाटू लागला.

"खा," ती म्हणाली. "खा रे बाबा."

तिने रोटी उचलून तुकडे केले. एक तुकडा हातावर धरला. तेल पुसलं, पदराला पुसलं, पुन्हा धरला. "काळ्या, ए काळ्या. कालपासनं उपाशी हाईस ना तू? खा की. एक घास. माझ्यासाठी." तोच आवाज होता, जो मी इतके महिने कट्ट्यावरून ऐकत आलो होतो. काळ्याने तोंड फिरवलं. तिच्या पायाशी जाऊन पोट टेकून बसला, डोळे मिटून, जेवण झाल्यावर बसतो तसा.

परसराम सेठ हळूच निघून गेला. ती तुकडे गोळा करून कागदात बांधत राहिली. अन्न टाकायचं नाही, ही तिची सवय. मी कट्ट्यावरून उतरलो आणि तिच्याबरोबर घरापर्यंत गेलो. एवढ्या अंतरात ती फक्त एकच बोलली, "म्हंजे झालं."

काळ्या आमच्या पुढे पळाला आणि सरळ खाटेखाली शिरला. आतून भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज आला. चांगुणाबाई वाकली. मीही वाकलो. धोंडिबाची सकाळची वाटी खाली होती, तळाला खिमटाचा थर, आणि काळ्या उरलेलं चाटत होता, निवांत, सवयीने. खाटेच्या कडेवरून धोंडिबाचा हात खाली लोंबत होता. बोटांना खिमट लागलं होतं.

धोंडिबा म्हणाला, "चांगुणे, रागावू नको."

ती तशीच वाकलेली.

"मला जात नाय गं. बिलकूल जात नाय. पण वाटी रिकामी दिसली की तू हसायचीस."

मी दारातून मागे फिरलो. तिथे थांबायचा मला अधिकार नव्हता. गिरणीवर येऊन बसलो, रांगेतले डबे तसेच. वीज होती, पण माझ्याच्याने चक्की सुरू होईना. गिऱ्हाईक बोलून गेलं. बोलू दे म्हटलं.

धोंडिबा त्याच आठवड्यात गेला. चौघांनी उचलला, एकट्यालाही पेलला असता इतका हलका झाला होता. जाण्याआधी चांगुणाबाईने त्याला पुन्हा वाटी दाखवली नाही. नुसती जवळ बसून राहायची, ओल्या कापसाने ओठ पुसायची. भांडण नाही. दोघांमध्ये जे काही झालं असेल ते त्या खाटेवरच राहिलं.

मयत झाल्यावर तिच्या चुलीवर काही शिजलं नाही. लोकांनी आणलेले डबे झाकलेले राहिले. काळ्याकडे बघायची कुणाला शुद्ध नव्हती. तो खाटेच्या जागी जाऊन वास घेत फिरायचा. खाट बाहेर काढून उभी केली होती.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन तिच्याकडे गेलो. ती दारात बसली होती. कात्री नाही, गठ्ठा नाही. खिडकीच्या फळीवर वर्तमानपत्राची पुडी तशीच होती, गेल्या शनिवारची, तेल कागदातून फुटून वर आलेलं. मी काही म्हणायच्या आत काळ्याने पुढचे पाय फळीवर टाकले आणि पुडी खाली ओढली. रोटीचे तुकडे वाळून कडक झाले होते. त्याने ते दाताखाली कडाकडा फोडले. पहिला, दुसरा, मग कागदच चाटत सुटला.

चांगुणाबाई बघत होती. मी कुत्र्याला हाकलायला हात उचलला, तिने मला अडवलं.

तिने जवळ सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्या हाताला लागतात का ते तिची बोटं आपोआप बघत होती.

"हळू खा रे," ती म्हणाली. "थोडं थोडं खा."